यीस्ट, पेंढा आणि हिराआत्या

यंदाही भात कापून झालं, आणि यंदाही हिराआत्याने मेंढ्या विकल्या नाहीत.

कल्याणहून नदीचा पूल ओलांडून रिक्षा गावाकडे वळली की या दिवसांत एक वास येतो. कापलेल्या भाताच्या खुंटांचा, भेगा पडू लागलेल्या चिखलाचा, बांधावर टाकलेल्या ओलसर पेंढ्याचा. गेली काही वर्षं त्यात सिमेंटचाही वास मिसळतो. आत्याच्या शेताच्या तिन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्यात. वरच्या मजल्यांवरची माणसं चहाचे कप घेऊन बाल्कनीत येतात आणि खाली बघतात. खाली, एवढ्या सगळ्या काचांच्या मधोमध, राखाडी-काळ्या मेंढ्यांचा कळप खुंट चरत असतो आणि सुती साडीचा पदर डोक्यावर घेतलेली एक बाई बांधावर उभी असते. कधी कधी ती मान वर करून त्या बाल्कन्यांकडे बघते. आधी नजर वळवतात ते वरचे.

हिराआत्या ही माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन गेली आणि थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत आली, ती आजोबांच्या शेतावरच राहिली. भात निघालं की त्याच ओलीवर वाल लावायचा, पावसाळ्यात भेंडी, काकडी, शिराळी, आणि सगळं टोपलीत भरून कल्याणच्या बाजारात नेऊन बसायचं, असं तिचं आयुष्य गेलं. बाबा शिकले, ठाण्याला एका कंपनीत लागले, डोंबिवलीत फ्लॅट घेतला. आजोबांनी जमीन दोघांच्या नावावर ठेवली होती. त्यामुळे एकाला विकायची झाली तर दुसऱ्याची सही लागते. बाबांना विकायची होती. आत्याला नव्हती. आमच्या घरात ही गोष्ट जेवताना काढायची नाही, असा आईचा नियम होता. तो दर रविवारी मोडायचा.

मेंढ्या मात्र आमच्या घराण्यात कधीच नव्हत्या. आम्ही आगरी. भात, मीठ, मासळी यांच्यातली माणसं. मेंढ्या यायच्या त्या देशावरून. दिवाळीनंतर एक म्हातारं धनगर जोडपं घाट उतरून यायचं आणि त्यांचा कळप आत्याच्या शेतात बसायचा. लेंड्यांचं खत शेताला, खुंट मेंढ्यांना. मग एका वर्षी ती दोघं म्हणाली, आता पुढच्या साली येणं नाही. वाटेत जिकडे तिकडे कुंपणं झालीत, रस्ते रुंद झालेत, कळप न्यायचा कुठून? आत्याने त्यांच्याकडून काही मेंढ्या आणि एक नर ठेवून घेतला. भावकी हसली. आगऱ्याच्या दारात मेंढरं, आणि ती पण या वयात? बाबांना वाटलं, ही मुद्दाम करतेय, आपल्याला चिडवायला. मलाही तेव्हा थोडं तसंच वाटलेलं. पावसाळ्यात मेंढ्यांचे खूर चिखलाने सडू नयेत म्हणून आत्याने फळ्यांचा उंच माळा ठोकून घेतला आणि पहिला पावसाळा निभावून नेला. दुसऱ्या वर्षी हसणारे कमी झाले.

मी याच सुमारास ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलेले. शिक्षण जनावरांच्या आहाराचं, आणि कंपनी विकायची जनावरांच्या खाद्यात मिसळायच्या पुड्या. माझ्याकडे यीस्टच्या पुडीचं काम होतं. पाव फुगवतो तोच हा जीव, फक्त जनावरांसाठी निवडलेला. मला ते काम मनापासून आवडायचं. मेंढीच्या पोटात चार कप्पे असतात आणि त्यातला सगळ्यात मोठा, ज्याला आम्ही कोटीपोट म्हणतो, तो म्हणजे एक गरम, अंधारा, सतत घुसळत राहणारा रांजण. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. पेंढ्यासारखं लाकडाच्या जवळचं खाणं मेंढी पचवत नाही, ते पचवतात हे जीव. मेंढी खाते ती एका अर्थी त्यांच्यासाठी, आणि जगते त्यांच्यावर. या जिवांना हवा सोसत नाही. घासाबरोबर जी थोडी हवा आत जाते ती यीस्ट खाऊन टाकतं, पेंढा पचवणाऱ्यांना बरे दिवस येतात, आणि पोटातलं आम्ल वाढू लागलं तर ते संपवणाऱ्या जिवांनाही बळ मिळतं. हे सगळं घडतं तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. मेंढी बसलेली असते, डोळे अर्धे मिटून जबडा हलवत.

त्या हंगामात मी यीस्टची पिशवी घेऊन आत्याकडे गेले. खुंट संपत आले की ती कळपाला भाताचा कोंडा आणि मक्याचा भरडा सुरू करायची, आणि खाणं बदललं की दोन-चार मेंढ्यांची पोटं हमखास बिघडायची. पूड तिथे कामाची आहे का, ते मला बघायचं होतं. आत्याने चिमूट हातावर घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाली, ताडीचा वास येतोय. मी म्हटलं, बरोबर आहे, ताडी आंबते ती यीस्टमुळेच. तिला ते पटलं. पटलं नाही ते पुढचं. मी सांगितलं की पूड अर्ध्याच मेंढ्यांना द्यायची, उरलेल्या अर्ध्यांना नाही, म्हणजे फरक कळेल.

"चांगलं हाय तं सगल्यांना का नाय?" तिने विचारलं.

"चांगलं आहे की नाही तेच बघायचंय ना आत्या."

"मंग तुला ठाव नाय?"

मला ठाऊक नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. पुस्तकांत कुठे फरक दिसला होता, कुठे दिसला नव्हता. खाणं कसलं, मेंढी कुठली, यीस्ट कुठलं, त्यावर सगळं अवलंबून. मग आत्याने अट घातली. आधी अर्ध्यांना, आणि नंतर उरलेल्या अर्ध्यांना. कोणाच्या वाटणीला कायमचं कमी येता कामा नये. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण प्रयोग करायची ही अगदी रीतसर पद्धत आहे. मी आनंदाने कबूल झाले. पूड खाणाऱ्यांच्या पाठीवर कपड्यांच्या निळीचा एकेक ठिपका लावला.

मग थंडी पडली. आमच्याकडची थंडी ती काय, पहाटे नदीवरून धुकं येतं आणि उन्हं चढेस्तोवर माणसं कानाला रुमाल बांधतात, एवढीच. मी शनिवार-रविवार तिथेच राहायचे. सकाळी लेंड्या बघायच्या, घट्ट आहेत की सैल. दुपारी कळप सावलीला बसला की रवंथ मोजायची. एक घास वर येतो, गळ्यातून फुगीर गोळी सरकताना दिसते, जबडा एका लयीत फिरतो, घास उतरतो, क्षणभर सगळं थांबतं, आणि पुढचा येतो. इमारतींच्या पायलिंगचे ठोके चालू असायचे. त्या ठोक्यांच्या खाली, कान दिला तर, सगळा कळप चघळत असल्याचा एक सरसर आवाज. इतकं शांत दुसरं काही मी ऐकलेलं नाही. निळ्या ठिपक्यांच्या मेंढ्यांनी भरडा लवकर सोसला. त्यांच्या लेंड्या घट्ट राहिल्या. फरक फार मोठा नव्हता, पण होता. मी खूश होते.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, गावात लग्नं सुरू झालेली. शेजारच्या घरी हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे अख्खं गाव जेवतं. दुसऱ्या दिवशी आत्या कोंडा आणायला कल्याणला गेली आणि तेवढ्यात शेजारच्यांनी उरलेला भात टोपांनी आणून मेंढ्यांच्या गव्हाणीत ओतला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. उलट प्रेमाने घातला. अन्न वाया जाऊ नये, मुकी जनावरं तृप्त व्हावीत. मेंढ्या तुटून पडल्या.

शिजलेला भात इतका एकदम पोटात गेला की रांजणाचं राज्य उलटतं. भात खाणारे जीव भसाभस वाढतात, आम्ल करतात, आणि त्या आम्लात पेंढा पचवणारे मरून जातात. मग मेंढी आतून करपते. आत्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला ऑफिसात होते. पोहोचले तर कळप ओळखू येईना. काही दात खात उभ्या होत्या, पोटं तटतटलेली. काहींना उभंच राहता येत नव्हतं. सगळीकडे आंबट वासाचा पातळ घाण चिखल. आणि तो सरसर आवाज पूर्ण बंद. एकही जबडा हलत नव्हता.

आत्याने यीस्टची पिशवी आणून माझ्या हातात दिली. "दे यांना. सगल्यांना दे आता."

"आत्या, आता हिचा उपयोग नाही."

तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं त्याआधी कधीच बघितलं नव्हतं. मी तिला सांगितलं की यीस्ट बिघाड होऊ नये म्हणून असतं, झालेला बिघाड ते एकटं काढू शकत नाही. आता धान्य पूर्ण बंद, सुका पेंढा, पाणी, आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायचा. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सलाईन घेऊन आले, तेही हेच म्हणाले. आणखी एक गोष्ट हवी होती. निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी, जिवंत जीव असलेलं, गरम असतानाच. मेलेलं गाव पुन्हा वसवायचं तर माणसं आणावी लागतात, तसं.

ते कुठून आणायचं? मी बाबांना फोन केला. मला वाटलं ते म्हणतील, बरं झालं, सुटली एकदाची. त्यांनी काय हवं ते नीट विचारून घेतलं आणि फोन ठेवला. दुपार उतरायच्या आत ते रिक्षातून उतरले. इस्त्रीचा शर्ट, पायात ऑफिसचे जुने बूट, आणि छातीशी धरलेला आईचा चहाचा थर्मास. कल्याणला एका खाटकाकडे उभं राहून, नुकत्याच कापलेल्या बोकडाच्या पोटातलं ते हिरवट पाणी त्यांनी फडक्याने गाळून भरून आणलं होतं. रिक्षावाल्याने वासामुळे दोनदा उतरवायचा प्रयत्न केला म्हणे. बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, मेंढीचं डोकं काखेत धरलं आणि नळीने एकेकीला पाजायला सुरुवात केली. आत्या पुढची मेंढी धरून उभी राहायची. दोघं भावंडं पुढचे दोन दिवस एकमेकांशी फक्त "धर" आणि "सोड" एवढंच बोलली.

काही वाचल्या. काही गेल्या. गेलेल्यांत बिनठिपक्याच्या होत्या आणि निळ्या ठिपक्याच्याही होत्या. बांधाशेजारी खड्डा खणून, चुना टाकून आम्ही त्यांना पुरलं. शेजारची बाई बांधावर येऊन रडली. आत्या तिला म्हणाली, तू काय मुद्दाम केलंस का, जा, पोरीच्या मांडवपरतणीची तयारी कर. आणि त्याच संध्याकाळी, खड्ड्यावरची माती अजून ओली असताना, बाबांनी विषय काढला. बाय, आता तरी विकून टाकूया. आत्या हात धूत होती. तिने शांतपणे सांगितलं की मेल्या त्या मेंढ्या, जमीन जित्ती आहे.

वाचलेल्या हळूहळू सावरल्या. तिथे मला जे दिसलं ते मी आजही जसंच्या तसं सांगते. निळ्या ठिपक्यांतल्या ज्या वाचल्या त्यांनी रवंथ थोडी लवकर सुरू केली. हे यीस्टमुळे झालं, की त्यांनी भात कमी खाल्ला होता, की त्या मुळातच दणकट होत्या, हे एवढ्याशा कळपावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. कंपनीला द्यायच्या अहवालात मी हेच लिहिलं.

ठाण्याला आमचे मॅनेजर होते, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. मी त्यांना सर म्हणायचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले की केस फार सुंदर आहे, फक्त मांडणी बदलू. गेलेल्या मेंढ्या त्यात घ्यायच्या नाहीत, कारण त्यांनी भात खाल्ला होता, तो अपघात. वाचलेल्या घ्यायच्या. निळ्या ठिपक्याच्या.

"सर, वाचलेल्यांनीही तोच भात खाल्ला होता."

"तेच तर. भात खाऊनही वाचल्या. हीच आपली लाइन."

मी म्हटलं, असं लिहिलं तर कोणीतरी मेंढपाळ जनावर आडवं झाल्यावर पूड पाजत बसेल आणि सोड्याचं पाणी द्यायची वेळ निघून जाईल. त्यांनी मान हलवली, अगदी समजुतीने. मग म्हणाले की हे सगळं जाहिरातीच्या पोस्टरवर मावत नाही. आत्याचा फोटो त्यांना हवा होता, मेंढी कुशीत घेतलेला, त्या उंच इमारतींसमोर. मी म्हटलं, तिलाच विचारा.

ते खरंच आले. गाडी बांधाशी लावून, पँट दुमडून, ढेकळांतून चालत. आत्याने त्यांना खाटेवर बसवलं, वालाच्या शेंगा उकडून दिल्या, सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांनी मोबाइल काढला. आत्या उठली आणि बांधाच्या त्या चुन्याच्या डागाकडे बोट दाखवून म्हणाली,

"आधी त्यांचा फोटो लावा. मंग माझा लावा."

ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. आत्याने त्यांना शेंगांची पुरचुंडी बांधून दिली आणि गाडीपर्यंत सोडायला गेली.

त्यांनी बदललेल्या अहवालावर मी सही केली नाही. मला काढलं नाही कोणी. माझ्याकडे काम येणंच थांबलं, टेबल हलवून जिन्याजवळ गेलं, आणि होळीच्या आसपास मी स्वतःच राजीनामा दिला. घरी बाबा खूप बोलले. एक तिकडे जमिनीला चिकटून बसलीय, एक इकडे चांगली नोकरी सोडून आलीय, या घरातल्या बायकांना वाकायला कोणी शिकवलंच नाही का? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, माझा थर्मास आधी नवा आणून द्या.

लोक मला विचारतात, मग आता तू यीस्टच्या विरोधात का? छे. मी यीस्टच्या बाजूने आहे, म्हणून तर त्याच्या नावावर नसलेलं श्रेय त्याला चिकटवू देत नाही. आम्ही दोघींनी पुढच्या हंगामात तो प्रयोग पुन्हा केला, आत्याच्या अटीप्रमाणे, आधी या अर्ध्यांना, मग त्या अर्ध्यांना. खाणं बदलायच्या आधीपासून दिलं तर पोटं स्थिर राहतात, पेंढा जास्त चांगला अंगी लागतो, दूध पाजणाऱ्या मेंढ्या कमी खंगतात. नुसत्या खुंटांवर चरत असताना मात्र काही विशेष फरक आम्हाला दिसला नाही. एवढंच. आता मी कल्याणला कॉलेजात तासांवर शिकवते आणि उरलेल्या वेळात मुरबाड, शहापूरकडच्या शेळ्या-मेंढ्यावाल्यांकडे जाते. पूड कधी द्यायची ते सांगते, कधी नाही तेही सांगते. ऐकणाऱ्याला दुसरा भाग जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे. खोटं ऐकून ऐकून तोही कंटाळलेला असतो.

आणि एक गोष्ट मी त्या हंगामात शिकले ती पुस्तकात नव्हती. मला वाटायचं, ठाम राहायचं म्हणजे आवाज चढवायचा, भांडायचं. आत्या भांडली नाही कोणाशीच. तिने रडणाऱ्या शेजारणीला घरी पाठवलं, सरांना शेंगा दिल्या, बाबांना रोज जेवू घातलं. फक्त तिच्या मनात जे नव्हतं ते तिच्याकडून कोणाला करून घेता आलं नाही. दुपारी कळप बसला की ती पण बसते, पाय पसरून, आणि वरच्या बाल्कन्या बघत राहतात. बघू देत. जे शहर सगळं गिळायला निघालंय त्याला पचवायला वेळ लागतो हे कळायला हवं, आणि ते शिकवायला त्याच्या मधोमध रवंथ करणारं कोणीतरी बसलेलं बरं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं शेतावर होतो. बाबा हल्ली येतात. भरड्यात यीस्ट कालवायचं काम ते करतात आणि कोणाला हात लावू देत नाहीत. कळप बांधावर थांबला होता, पलीकडच्या पडीक जमिनीत कोवळं गवत आलंय तिकडे जायला. बाबा म्हणाले की नवा रस्ता पास झालाय, चांगला रुंद, बरोबर या बांधाच्या कडेने जाणार. जमीन आपली राहील, पण चराई पलीकडे जाईल. मग काय करशील बाय?

आत्या पुढच्या मेंढीच्या पायातला काटा काढत होती. तो काढून, बोटाने चाचपून तिने टाकून दिला.

"येऊ दे रस्ता," ती म्हणाली. "मेंढरांना रस्ता वलांडता येतो. तू निस्त्या गाड्या थांबव."

बाबांनी हातावरचा भरडा झटकला, डोळ्यांवर हात धरून दूरवर, जिथून तो रस्ता येणार होता तिकडे एकदा पाहिलं आणि विचारलं,

"कुठल्या बाजूच्या?"